घड्याळाचे चार, कष्टाचे वीस

मुलांनो, आमच्या आंबवड्याकडे भातलावणी सुरू झाली, की वर्गातली काही मुले दिसेनाशी होतात. अशीच एक चौथीतली मुलगी परत आली, तेव्हा मी विचारले, "काय गं, लावणीला किती दिवस लागले?"

"बाबा म्हणतात चार. पण बाई, आम्ही पाच जण होतो. मग वीस नाही का झाले? त्यातले चार माझे!"

हुशार पोर! दोन्ही उत्तरे बरोबर. संगणकालाही असाच दुहेरी हिशेब ठेवावा लागतो.

संगणकातला प्रोसेसर अनेक प्रोग्राम सांभाळतो. थोडा वेळ याला, थोडा वेळ त्याला. पाळी इतक्या झपाट्याने बदलते, की सगळे एकदमच चालल्यासारखे वाटतात. समजा, एक प्रोग्राम १० सेकंदांत संपला. त्यातले ७ सेकंद तो पाळीची, नाहीतर तुम्ही कळ दाबण्याची वाट पाहत होता. मग प्रोसेसर त्याच्यासाठी राबला फक्त ३ सेकंद. हा झाला प्रोसेसरचा वेळ.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स या प्रणालीची सुरुवात झाली. तिच्याच वळणाच्या लिनक्सवर आज्ञेआधी 'टाइम' हा शब्द लिहिला, की शेवटी तीन आकडे मिळतात. 'रिअल' म्हणजे घड्याळाचा वेळ. 'यूजर' म्हणजे प्रोग्रामच्या स्वतःच्या सूचना पाळण्यात गेलेला. 'सिस' म्हणजे त्याच्यासाठी फाइल वाचून देण्यासारखी कामे करताना मूळ यंत्रणेला लागलेला.

खरी गंमत पुढेच आहे! मोठा प्रोग्राम हाताखाली दुसरे प्रोग्राम सुरू करतो. त्यांना 'चाइल्ड प्रोसेस' म्हणतात, म्हणजे लेकरेच की! चार लेकरे चार प्रोसेसरांवर एकाच वेळी ३-३ सेकंद राबली, तर घड्याळात साधारण ३ सेकंद, पण कष्ट १२ सेकंदांचे. मात्र लेकराचा वेळ आईच्या खात्यात केव्हा जमा होतो, ठाऊक आहे? काम संपल्यावर आईने थांबून त्याची दखल घेतली, तरच. त्या सूचनेचे नावच 'वेट', म्हणजे 'थांब'. आई न थांबताच निघून गेली, तर लेकराचे कष्ट तिच्या हिशेबात येतच नाहीत.

आपल्या पुण्यातल्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. अनेक प्रोसेसरांनी एकच काम वाटून करायचे, ही त्याची युक्ती. अशा यंत्रावर अनेक शास्त्रज्ञ काम करतात. तेव्हा कुणी किती प्रोसेसर किती वेळ वापरले, हे मोजावेच लागते.

हे सगळे वर्गात सांगून झाले आणि मी हजेरीपट उघडला. त्या मुलीच्या नावापुढे चार दिवस 'गैरहजर' एवढेच होते. तिचे चिखलातले चार दिवस माझ्या हिशेबात कुठेच नव्हते. मीही थांबून विचारले नसते, तर ते मला कळलेही नसते.

पालकहो, बुडालेला अभ्यास तिला भरून काढायचाच आहे. पण संध्याकाळी घटकाभर थांबून लेकराला विचाराल ना, "आज काय काय केलंस?"