एक देह, अनेक टक्के

मीरा रोडच्या एका एकत्र कुटुंबांतील भगिनी परवां आमच्याकडे कागदांची चळत घेऊन आल्या. त्यांच्या धाकट्या दिरांचा एक पाय लहानपणींच पोलिओनें अधू झालेला. दाखल्यावर ३६ टक्के असा आंकडा आणि सोबत पांढरें ओळखपत्र. “चार टक्क्यांसाठीं सगळीं दारें बंद झालीं,” असें त्या म्हणाल्या. त्यांचा खेद आम्हांस समजला. परंतु ‘सगळीं दारें’ हे शब्द मात्र आम्हांस खटकले.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यांत सातच प्रकार होते, ते आतां एकवीस झाले. नोकरींतील राखीव जागांसाठीं शेकडा ४० ही किमान मर्यादा त्यानें घातली. ओळखपत्राचा रंगहि त्यावरूनच ठरतो: ४० च्या खालीं पांढरा, ८० च्या आंत पिवळा आणि त्यापुढें निळा. एथवर सर्व सोपें आहे. घोटाळा होतो तो पुढें. कारण टक्के हा शब्द एकच असला तरी मोजणारे निरनिराळे, आणि मोजण्याची वस्तुहि निरनिराळी.

भाईंदर पूर्वेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने पुष्कळ आहेत. समजा, तेथील एखाद्या कामगाराचा एक डोळा अपघातानें गेला व दुसरा धड राहिला. १९२३ च्या कामगार-भरपाईच्या कायद्यास जोडलेल्या यादींत अशा हानीनें कमाईची शक्ति शेकडा ४० नें घटते, असें धरलें होतें. तोच मनुष्य दिव्यांगत्वाच्या दाखल्यास गेला, तर त्यास ३० टक्केच मिळतात; कारण तेथें दोन्ही डोळ्यांची मिळून दृष्टि मोजतात, कमाई नव्हे. दोन्ही आंकडे आपापल्या जागीं बरोबर. पण एक दाखवून दुसरा मागतां येत नाहीं.

रेल्वेचें तर तंत्रच वेगळें. पायानें अधू असलेल्या प्रवाशास सोबत्यावांचून प्रवास करतां येतो कीं नाहीं, एवढेंच ती विचारते, आणि त्यासाठीं तिचा दाखल्याचा नमुनाहि स्वतंत्र आहे. म्हणून ७० टक्के असूनहि काठी टेकीत एकटाच फिरणाऱ्या गृहस्थास भाड्यांत सूट मिळत नाहीं, याचें नवल वाटूं नये. केंद्र सरकारच्या सेवकाच्या दिव्यांग अपत्यास आजन्म कुटुंब-निवृत्तिवेतन मिळूं शकतें. तेथें प्रश्न असतो तो स्वतःच्या उपजीविकेचा.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेस ४० टक्के पुरतात, पण वय आणि कुटुंबाचें उत्पन्न हींहि पाहतात. इंदिरा गांधींच्या नांवाच्या केंद्रीय निवृत्तिवेतनास ८० टक्के हवेत, शिवाय घर दारिद्र्यरेषेखालील असावें लागतें. आमच्या बहुतेक वाचकांस या दोहोंचा उपयोग नाहीं. प्राप्तिकराचा मात्र आहे. जुन्या पद्धतीनें कर भरणाऱ्यास आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग भावंडासाठीं ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्क्यांपुढें १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. हिंदु अविभक्त कुटुंबास तर आपल्या कोणत्याहि अवलंबित सभासदासाठीं ती मागतां येते. मात्र दिव्यांगानें स्वतःच्या विवरणांत वजावट घेतली, तर त्याच्यासाठीं दुसऱ्यास ती घेतां येत नाहीं. भावाभावांनीं आधीं बोलून घ्यावें, हें बरें.

आतां त्या दिरांविषयीं. बोलतां बोलतां कळलें कीं, गेलीं कांहीं वर्षें त्यांस ऐकूंहि कमी येतें. “वयाप्रमाणें व्हायचेंच,” म्हणून घरांत कोणी मनावर घेतलें नाहीं आणि अर्जांतहि तें लिहिलें नाहीं. एकाहून अधिक व्यंगें असतील, तर त्यांची नुसती बेरीज करीत नाहींत. मोठा आंकडा नव्वदांतून वजा करावा, बाकीला लहान आंकड्यानें गुणून नव्वदांनीं भागावें आणि येईल तें मोठ्या आंकड्यांत मिळवावें, असा नियम आहे. कानाचे समजा ३० टक्के निघाले, तर ३६ आणि ३० मिळून ६६ नव्हे, ५४ होतात. ५४ झाले तरी रेल्वेची सूट मिळेल असें नाहीं, कारण ते एकटे हिंडतात. पण ओळखपत्र पिवळें होईल आणि थोरल्या बंधूंस वजावटीची वाट मोकळी होईल.

भगिनींनीं तें गणित आमच्याकडून कागदावर लिहून घेतलें. दिरांस कानाच्या तपासणीस यावयास राजी करणें अजून बाकी आहे; आपल्याला चांगलें ऐकूं येतें, असा त्यांचा ठाम आग्रह आहे.