तिथी पाहून कुलाब्याला

कुटुंबासह समुद्रकाठी जायचे म्हटले की खर्चाचा विचार आधी येतो. अलिबागचा कुलाबा किल्ला मात्र नाममात्र तिकिटात पाहून होतो. ओहोटीला होडीचेही भाडे वाचते, कारण किनाऱ्यावरून पायीच जाता येते. ओली वाळू घट्ट असल्याने आजी-आजोबांनाही हे चालणे कोरड्या वाळूपेक्षा सोपे जाते.

प्रश्न वेळेचा आहे. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल ती भरतीची साधारण वेळ. द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा. पूर्ण ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास आधी वा नंतर. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला सकाळी साडेसात-आठला पाणी पुष्कळ ओसरलेले सापडेल. हिशेब ढोबळ आहे. स्थानिक कोळीबांधवांना विचारूनच निघावे. तासभर आधी गेल्यास गणपतीचे देऊळ आणि भर समुद्रातली गोड्या पाण्याची विहीर निवांत पाहून होते. परतताना वाटेवर पाणी चढलेले दिसले तर किल्ल्यातच थांबावे. होडीची किंवा पुढल्या ओहोटीची वाट पाहणे हे मूल कडेवर घेऊन पाण्यात उतरण्यापेक्षा केव्हाही बरे. पावसाळ्यात तर हा बेतच नको.

खडकांवरच्या कालवांच्या कडा धारदार असतात. मधुमेहींनी अनवाणी मुळीच चालू नये. पावलांची संवेदना मंदावलेली असल्यास जखम झालेली कळतही नाही. कुणाला कापलेच तर जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, आणि धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली, हे डॉक्टरांना सांगावे.