किंमत जागेची, मोल माणसाचं



'निवड' या विषयावर बोलताना आपण तत्त्वज्ञानवाले नेहमी ठरावीक उदाहरणं घेतो. बुडती होडी, एकच दोर, दोन माणसं. या उदाहरणांत एक खोट आहे. तिथे सगळं आधीच माहीत असतं, फक्त ठरवायचं बाकी असतं. खऱ्या निवडीत अर्ध्याहून जास्त गोष्टी अंधारात असतात. म्हणून आज आपण अमेरिकन फुटबॉलमधला 'ड्राफ्ट' घेऊ या. प्रश्न साधा आहे: नवे खेळाडू निवडायची पाळी आली की संघाने कोणत्या जागेसाठी आधी माणूस घ्यावा?

आधी खेळ थोडा समजून घेऊ. आपल्याकडे गोव्यात, कोल्हापुरात जीव लावून खेळतात तो हा फुटबॉल नव्हे. इथला चेंडू अंडाकृती असतो आणि तो मुख्यतः हातात धरूनच खेळतात. एका वेळी मैदानात अकरा-अकरा जण. ज्याच्याकडे चेंडू त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चेंडू फेकायचा की धावणाऱ्याच्या हाती द्यायचा, हे करणारा तो क्वार्टरबॅक. चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसणारा तो रनिंग बॅक. समोरच्यांना अंगावर घेऊन या दोघांना वाचवणारी पाच धिप्पाड माणसांची फळी, ती ऑफेन्सिव्ह लाइन. आज आपल्याला एवढं पुरे.

आता ड्राफ्ट. आयपीएलचा लिलाव आपल्याला माहीत आहे: थैलीत पैसे आहेत तोवर कोणीही कोणावरही बोली लावावी. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. बत्तीस संघ, सात फेऱ्या, सुमारे अडीचशे तरुण. गेल्या हंगामात जो सगळ्यांत खाली राहिला त्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. दुबळ्याला आधी संधी द्यावी, हा त्यामागचा न्यायविचार. गंमत अशी, की त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला जे बरवँगर हा खेळाडू व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! अनिश्चितता या पद्धतीच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे.

तर कोणती जागा आधी? चटकन सुचणारं उत्तर असं, की जी जागा खेळात सगळ्यांत महत्त्वाची, ती. हे उत्तर अपुरं आहे. का, ते मंडईत जाऊन बघू. स्वयंपाकात मिठाइतकं गरजेचं काही नाही. म्हणून मीठ घ्यायला कोणी पहाटे रांगेत उभं राहतं का? नाही. कारण मीठ संध्याकाळीही मिळतं, कुठल्याही दुकानात मिळतं आणि जवळजवळ सारखंच मिळतं. पहाटे आपण जातो ते जे संपणार आहे त्यासाठी. म्हणजे 'हे किती गरजेचं' यापेक्षा 'आत्ता मिळणारं आणि नंतर मिळणारं यांत फरक किती' हा खरा प्रश्न.

हाच नियम इथे लावून बघा. किकर, म्हणजे चेंडू लाथेनं मारून गुण मिळवणारा, कितीतरी सामने शेवटच्या क्षणी जिंकून देतो. तरी त्याला पहिल्या फेरीत सहसा कोणी घेत नाही. ओकलंड रेडर्सने २००० मध्ये सेबॅस्टियन यानिकोव्स्कीला सतराव्या क्रमांकावर घेतलं ते आजही नवल म्हणून सांगतात. चांगले किकर उशिराही मिळतात. क्वार्टरबॅक मात्र तसा मिळत नाही. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू त्याच्या हातातून जातो आणि उत्तम व साधारण यांतलं अंतर मोठं असतं. म्हणून २०२४ मध्ये पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले.

क्वार्टरबॅकमागोमाग त्याला वाचवणारा आणि त्याला पाडणारा यांचीही किंमत चढते. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून येणारा त्याला दिसत नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थाइझमनला पाडलं, त्याचा पाय मोडला आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. त्या डाव्या बाजूची राखण करणारा तो लेफ्ट टॅकल, आणि टेलरसारखा कडेने धावून येणारा तो एज रशर. सामान्य प्रेक्षक यांच्याकडे पाहतही नाही, पण संघ त्यांच्यासाठी पहिल्या फेरीतल्या निवडी खर्च करतात.

आता तिसरी गोष्ट, पैशाची. हा मुद्दा जरा नीट ऐका, कारण पुष्कळांचं इथेच चुकतं. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. २०२४ मध्ये ती सुमारे २५.५ कोटी डॉलर होती आणि त्यात पन्नासाहून जास्त माणसं सांभाळायची. दुसरीकडे, २०११ च्या करारापासून नवोदिताचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावर ठरतो, कोणत्या जागेवर खेळतो यावर नाही. म्हणजे दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक घ्या की रनिंग बॅक, पगार जवळपास तोच. पण खुल्या बाजारात? २०२४ मध्ये डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटला वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा करार मिळाला. त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या केलेब विल्यम्सला चार वर्षांचे मिळून सुमारे ३.९ कोटी. म्हणजे ड्राफ्टमधून चांगला क्वार्टरबॅक लाभला तर चार वर्षं दरसाल काही कोटी वाचतात आणि त्या पैशात संघाची बाकीची फळी उभी राहते. जी जागा बाजारात महाग ती ड्राफ्टमध्ये भरावी, स्वस्त ती बाजारातून आणावी, हे यातून निघणारं सूत्र.

हे सूत्र मोडल्याचं गाजलेलं उदाहरण २०१८ चं. न्यूयॉर्क जायंट्स सोळापैकी तेरा सामने हरलेले, त्यांची पाळी दुसरी, त्यांचा क्वार्टरबॅक एली मॅनिंग सदतीस वर्षांचा. त्यांनी घेतला सॅक्वॉन बार्कली, रनिंग बॅक. बार्कली वाईट होता का? अजिबात नाही. पहिल्याच वर्षी तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पण जायंट्स त्या वर्षीही अकरा सामने हरले. चार वर्षांचे तीन कोटी डॉलरहून जास्त, म्हणजे एकही सामना खेळण्यापूर्वी तो सर्वाधिक पगाराच्या रनिंग बॅकांपैकी एक झाला होता. बचत शून्य. आणि समोरची फळी दुबळी असेल तर उत्तम धावणाऱ्यालाही वाट कुठून मिळणार?

लोक म्हणतात, त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर जॉश ॲलन आणि बत्तिसाव्या क्रमांकावर लमार जॅक्सन गेले, दोघेही पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले; जायंट्सना दिसलं नाही का? इथे आपण थांबायला हवं. लगेच पुढच्या, तिसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅकच गेला होता, सॅम डार्नॉल्ड, आणि त्याला घेणाऱ्या जेट्स संघाचं काही भलं झालं नाही. म्हणजे जागा बरोबर निवडूनही माणूस चुकतो. निकाल कळल्यावर शहाणं होणं सोपं आहे. निर्णयाची परीक्षा निर्णयाच्या वेळी हाती काय माहिती होती यावर करावी, निकालावर नव्हे.

मग माहिती तरी किती असते? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी ड्राफ्टचा अभ्यास केला. थेलर म्हणजे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी. त्यांना आढळलं, की एकाच जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या पुढच्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता निम्म्याच्या जेमतेम वर असते. म्हणजे जवळपास नाणेफेक! टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ वा निवडला गेला आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. २०१७ मध्ये शिकागो बेअर्सनी आपल्या निवडी देऊन एक पायरी वर चढून मिचेल ट्रुबिस्की घेतला, आणि पॅट्रिक माहोम्स दहाव्या क्रमांकावर मिळाला. यावरून शिकायचं ते हे: 'मला नेमका माणूस ओळखता येतो' या गर्वापोटी चार निवडी देऊन एक घेऊ नये. उलट वरची एक देऊन खालच्या चार घ्याव्यात. आपलं अज्ञान मान्य केलं की निर्णयाची रीतच बदलते. सॉक्रेटिसला हे पटलं असतं.

आणि आजची गरज? गरज खोटी नसते, पण ती फार लवकर बदलते. २००५ मध्ये ग्रीन बे संघाकडे ब्रेट फार्व्ह हा थोर क्वार्टरबॅक होता, तरी चोविसाव्या क्रमांकावर त्यांनी ॲरन रॉजर्स घेतला. तो तीन वर्षं बाकावर बसला आणि पुढे त्यांना सुपर बोल जिंकून दिला. ड्राफ्ट तीन वर्षांनंतरच्या संघासाठी असतो. उद्याच्या सामन्याचं भोक बुजवायला बाजार आहे.

इथपर्यंत हिशेब झाला. आता हिशेबात न बसणारी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो.

रनिंग बॅक स्वस्त का? कारण बदली सहज मिळतो आणि शरीर लवकर झिजतं. बार्कलीचा गुडघा २०२० मध्ये निकामी झाला, तो सावरला, पण नियमांमुळे खुल्या बाजारात जायला त्याला सहा हंगाम लागले. ऐन उमेदीची वर्षं ठरलेल्या पगारात गेली. कांटने १७८५ च्या आपल्या ग्रंथात एक भेद केला आहे. ज्याच्या जागी तोलामोलाचं दुसरं ठेवता येतं त्याला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरं ठेवताच येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. आपल्या मराठीत म्हणू, एकाला किंमत, दुसऱ्याला मोल. ड्राफ्टचा सगळा हिशेब बदलीवर उभा आहे, म्हणजे तो किंमतीचा हिशेब आहे. जागेची किंमत काढणं बरोबरच आहे. पण जागेची किंमत म्हणजेच माणसाचं मोल, असं आपल्या नकळत धरलं जातं, तिथे घोटाळा होतो.

पुढे काय झालं बघा. २०२४ मध्ये बार्कली बाजारातून ईगल्सकडे गेला. तिथे लेफ्ट टॅकल होता जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियातून आलेला रग्बी खेळाडू, ज्याने तोवर हा खेळ खेळलाच नव्हता. तो निवडला गेला त्याच २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, सातव्या फेरीत, २३३ वा. एक दुसरा, एक दोनशे तेहेतिसावा. त्या फळीमागून बार्कली त्या हंगामात २००५ यार्ड धावला आणि ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, ईगल्सनी सुपर बोल जिंकला. माणूस तोच होता. जायंट्सचं गणित चुकलं होतं, बार्कली चुकला नव्हता. सहा वर्षं लोक मात्र दोन्हीला एकच शब्द वापरत होते: वाया गेला.

आपणही कधी कुणाला नेमतो, कुणाला नाकारतो, मुलांना अमुक शाखेला घालतो. जागेचा हिशेब जरूर करावा, पुन्हा पुन्हा करावा. फक्त तो संपल्यावर समोरच्या माणसाकडे एकदा नजर उचलून पाहावं. तेवढं झालं तर आजचा तास सार्थकी लागला असं आम्ही समजू.