मोटारीचा जॉइंट गळतोय? पाना उचलण्याआधी हे ऐका

आजचा भाग आहे घरातल्या पाण्याच्या मोटारीबद्दल. खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवणारा तो अर्धा-एक एचपीचा पंप. त्याच्या तोंडाशी, जिथे पाइप आट्यांवर बसवलेला असतो, तिथून पाणी ठिबकायला लागतं. मग आपण काय करतो? पाना घेतो आणि अजून एक फेरा पिळतो. दोन दिवस थांबतं, की परत सुरू.

असं का होतं? कारण आटे पाणी अडवत नाहीत. आटे फक्त धरून ठेवतात. एक इंची पाइपला इंचामागे ११ आटे असतात. आतले आणि बाहेरचे आटे एकमेकांत बसले तरी मधे एक बारीक फट उरते, गोल जिन्यासारखी फिरत बाहेर येणारी. पाणी त्या जिन्यानेच येतं. टेफ्लॉन टेपचं काम ती फट भरण्याचं. टेप फाटली किंवा कमी पडली, तर कितीही पिळा, जिना उघडाच.

उलट जास्त पिळणं धोक्याचं. पाइपचे बाहेरचे आटे बहुतेक वेळा पुढे निमुळते असतात, १६ मिमी लांबीला १ मिमी या हिशेबाने. म्हणजे आपण पाचरच ठोकत असतो. बाहेरचा भाग प्लास्टिकचा असेल तर तो तडकतो. बिडाचा असेल तरी भरवसा नाही, आणि पंपाचं तोंड तडकलं की काम हजारांत गेलंच समजा.

आता महत्त्वाचा मुद्दा. मोटारीला दोन बाजू असतात. डिलिव्हरी, म्हणजे पाणी वर जातं ती, आणि सक्शन, म्हणजे टाकीतून पाणी येतं ती. डिलिव्हरीचा जॉइंट गळला तर पाणी दिसतं. सक्शनचा गळला तर मोटार चालू असताना एक थेंबही दिसत नाही! आपण म्हणतो मोटार पाणी ओढते. खरं तर ती पाइपमधला दाब कमी करते आणि बाहेरची हवा टाकीतलं पाणी वर ढकलते. पण जॉइंटला फट असेल, तर हवा तिथूनच आत घुसते. मोटार हवा धरते, नुसती घुरघुरते, पाणी चढत नाही.

ओळखायचं कसं? चालू मोटारीच्या सक्शन जॉइंटला साबणाचा दाट फेस लावा. आत ओढला गेला, तर चोर सापडला. दुसरी खूण: मोटार चालू असताना जॉइंट कोरडा आणि बंद केल्यावर ओला. कारण बंद झाल्यावर वरच्या पाइपमधलं पाणी खाली दाब देतं.

आता दुरुस्ती.

१. नुसतं बटण नको, एमसीबी पाडा. ओली जमीन, ओले हात आणि वीज हे एकत्र नकोच.

२. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर वरचं पाणी अंगावर येईल. मग युनियन सोडवून जॉइंट उघडा.

३. जुनी टेप, सफेदा, गंज तारेच्या ब्रशने साफ करा. आटे झिजलेत किंवा चीर दिसतेय? तो तुकडा बदलाच. दुकानात ‘एक इंची’ असंच मागा, कारण आट्यांवरून मोजलं तर ते साधारण ३३ मिमी भरतं.

४. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेप ताणून गुंडाळा. पातळ टेप असेल तर एक इंचीला साधारण ८-१० वेढे. पहिला आटा मोकळा सोडा, म्हणजे टेपचे तुकडे पंपात जाणार नाहीत.

५. आधी हाताने बसवा, मग पान्याने एक-दीड फेरा. पाइप सरळ करायला उलटा फिरवलात, तर टेप हलते. मग परत पहिल्यापासून.

६. पंपात पाणी भरून हवा काढा, मोटार चालू करा आणि जॉइंट कोरड्या कागदाने पुसून बघा.

वरून एम-सील थापू नका. ओल्यावर ते नीट धरत नाही आणि पुढच्या वेळी जॉइंट उघडणं अवघड होतं.

एवढं करूनही महिन्याभरात परत गळलं, तर टेपला दोष देऊ नका, पाइपकडे बघा. त्याचं वजन जॉइंटवर लटकतंय का? मोटार थरथरते आणि प्रत्येक थरथरीला तो जॉइंट हलतो. भिंतीला क्लॅम्प लावा.

आणि सक्शनची गळती अजिबात अंगावर काढू नका. हवा धरलेली मोटार कोरडी फिरते, आतलं थोडं पाणी तापतं, पीव्हीसीचे आटे मऊ पडून ढिले होतात आणि हवा आणखी घुसते. कोडमध्ये याला आपण इन्फिनिट लूप म्हणतो. फरक एवढाच, की इथे लूप थांबतो तो वाइंडिंग जळाल्यावर. त्यापेक्षा टेपचं एक रीळ फार स्वस्त.

तर मंडळी, आज घरी गेलात की मोटार बंद झाल्यावर सक्शनच्या जॉइंटवरून एकदा हात फिरवा, अर्थात एमसीबी पाडून! काही अडलं तर प्रश्न पाठवा. भेटू पुढच्या भागात.