गिअरबॉक्सचे तेलही झिजते

इंजिन ऑईल कधी बदलले, हे बहुतेक गाडीमालक चटकन सांगतात. गिअरबॉक्सचे ऑईल कधी बदलले, या प्रश्नाला मात्र सहसा उत्तर मिळत नाही. दोष केवळ मालकांचा नाही. अनेक गाड्यांच्या, विशेषतः ऑटोमॅटिक गाड्यांच्या, माहितीपुस्तिकांत हे ऑईल गाडीच्या आयुष्यभर पुरेल असे छापलेले असते आणि ग्राहक त्यावर विसंबून राहतात. तेलाचे रसायनशास्त्र या आश्वासनाला दुजोरा देत नाही. गिअर, बेअरिंग, क्लच यांच्याइतकेच हे तेलही गिअरबॉक्सचा काम करणारा भाग आहे. वापराने तेही झिजते, आणि ते वेळेवर बदलले तर पुढचा मोठा खर्च बऱ्याचदा टळतो.

हे तेल नेमके काय करते ते पाहिले म्हणजे त्याची झीज समजते. साध्या मॅन्युअल गाडीत पहिल्या गिअरवर चाक एकदा फिरावे यासाठी इंजिनाला साधारण १४ वेळा फिरावे लागते. एवढा जोर गिअरच्या दातांच्या अगदी अरुंद पट्टीवरून पुढे जातो. तिथे तेलाचा पातळ थर तुटतो, तेव्हा तेलात मिसळलेली गंधक आणि फॉस्फरसची संयुगे धातूशी संयोग पावून संरक्षक लेप तयार करतात आणि तसे करताना खर्ची पडतात. शेजारीच सिंक्रो रिंग असते. गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळवण्यासाठी तिला मात्र घर्षण हवे असते. म्हणजे एकाच तेलाने एका जागी घसरू द्यायचे आणि दुसऱ्या जागी पकडू द्यायचे. ऑटोमॅटिकमध्ये जबाबदारी आणखी वाढते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती तेलातूनच पुढे जाते, तेलाच्याच दाबाने क्लचच्या चकत्या आवळल्या जातात आणि त्यांची उष्णताही तेलच वाहून नेते. सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तर पोलादी पट्टा आणि पोलादी पुली यांची पकड टिकवणे हेही तेलाचेच काम असते.

तेलातल्या अल्प प्रमाणातील घटकांचे महत्त्व अमेरिकेतील एका घडामोडीने ठळकपणे दिसले. तिथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत असत. क्लचच्या चकत्या एकमेकींना भिडताना झटका बसू नये, यासाठी त्याचा उपयोग होई. १९७० मध्ये या देवमाशाचा समावेश धोक्यातील प्रजातींच्या यादीत झाला आणि तो पुरवठा थांबला. देवमाशाच्या रक्षणासाठी ते आवश्यकच होते. पण जनरल मोटर्सला आपल्या डेक्सरॉन तेलाचे सूत्र नव्याने बांधावे लागले. डेक्सरॉन-२ च्या सुरुवातीच्या एका रूपाने तेल थंड करणाऱ्या कूलरमध्ये गंज धरू लागला, म्हणून ते पुन्हा सुधारावे लागले. एक घटक बदलल्यावर उत्पादकांना एवढी खटपट करावी लागली. मग तेच घटक गाडीत वर्षानुवर्षे तापून निकामी होत असतील, तर गिअरबॉक्स पूर्वीसारखाच चालत राहील असे मानायला आधार नाही.

तेलाचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता. रसायनशास्त्रातील ढोबळ नियमानुसार तापमान १० अंशांनी वाढले की तेल ऑक्सिजनशी संयोग पावून बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ९० अंशांऐवजी ११० अंशांवर राबणारे तेल सुमारे चौपट वेगाने म्हातारे होते. त्यात दात आणि पंप यांच्यामधून रगडले जाऊन त्याचा दाटपणा कमी होतो. क्लचच्या अस्तराची भुकटी आणि धातूचे कण मिसळतात ते वेगळेच. आता आपल्याकडचा वापर पाहा. मुंबई-पुण्यातल्या रखडत्या वाहतुकीत टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत राहतो आणि ती शक्ती उष्णता होऊन तेलात उतरते. मे महिन्यात भरलेली गाडी बोरघाट चढते तेव्हाही हेच होते. थांबत-थांबत चालवणे, घाटरस्ते, धूळ, उष्ण हवामान यांना अनेक माहितीपुस्तिका ‘कठीण वापर’ म्हणतात आणि त्यासाठी सर्व्हिस लवकर करायला सांगतात. पुस्तिकेतला हा अपवादच आपल्या बहुसंख्य गाड्यांचा नित्यक्रम आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की गिअरबॉक्स बंदिस्त असतो, त्यात इंधन जळत नाही, मग तेल खराब कशाने होणार? काजळी नसल्यामुळे ते इंजिन ऑईलपेक्षा कितीतरी जास्त टिकते, हे खरेच आहे. पण जास्त टिकणे म्हणजे अक्षय असणे नव्हे. अनेक महागड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. दुसरा आक्षेप गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतो: जुन्या गाडीचे तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो. इथे कारण आणि परिणाम यांची उलटापालट होते. गाडी झटके देऊ लागली, गिअर स्लिप होऊ लागला, की मगच तेल बदलले जाते. तोवर क्लचचे अस्तर संपत आलेले असते. नवे तेल ते अस्तर परत आणू शकत नाही. या भीतीत तथ्याचा अंश आहे तो एवढाच, की यंत्राने दाब देऊन जुना गिअरबॉक्स धुतला तर सुटलेला गाळ बारीक वाटांमध्ये अडकू शकतो. त्यावर उपाय आहे. प्लग काढून जितके निघेल तितके तेल काढावे, तितकेच नवे भरावे आणि काही अंतर चालवून हे पुन्हा करावे. एका वेळी बरेचसे जुने तेल कन्व्हर्टरमध्येच राहते, म्हणून दोन-तीन फेऱ्या लागतात.

तेल मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच हवे. जीएल-४ प्रतीच्या तेलाच्या जागी तीव्र गंधकाचे जीएल-५ घातले तर पितळी सिंक्रो रिंगचे नुकसान होऊ शकते. सीव्हीटीत साधे ऑटोमॅटिकचे तेल चालत नाही. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली असेल तर ती सुरू करण्याआधी गिअरबॉक्सचे तेल तपासून घ्यावे. दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. आणि गिअरबॉक्स उघडावा लागेल असे कोणी सांगितले, तर आधी तेलाची पातळी, गळती आणि वायरिंग तपासायला लावावे. तेल बदलायला काही हजार रुपये लागतात, गिअरबॉक्स उघडला की खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. आपल्या गाडीची पुस्तिका काढा, ‘कठीण वापर’ या सदरातला आकडा वाचा आणि गाडी तेवढी चालली असेल तर पुढच्या सर्व्हिसला तेल बदलून घ्या.