जुन्या फटफटीची परीक्षा उतारावर

भंडारा जिल्ह्याला घाटांचा जिल्हा कुणी म्हणणार नाही. वैनगंगेचं खोरं, धानाच्या बांध्या आणि पावलापावलावर तलाव, असा हा मुलूख. आंबागडची टेकडी, गायखुरीची रांग, कोक्याचं जंगल ही चढउताराची ठिकाणं आहेत, पण ती तासाभरात ओलांडता येतात. जुन्या मोटारसायकलींवरून डोंगराळ वाटेची लांब सफर इथून करायची तर तुमसरवरून उत्तरेला निघावं लागतं. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींचा हा पट्टा मागे टाकला की कटंगी लागते. पुढे सिवनी, छिंदवाडा, तामिया आणि शेवटी पचमढी. एका बाजूचं अंतर तीनशे किलोमीटरांहून जास्त भरतं. भंडारा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरांच्या आसपास आहे आणि पचमढी 1067 मीटरांवर, म्हणजे आठशे मीटरांचा चढ आणि परत येताना तेवढाच उतार. ही वाट भंडाऱ्याला परकीही नाही. 1956 पर्यंत हा जिल्हा आधी मध्य प्रांताचा आणि मग जुन्या मध्य प्रदेशाचा भाग होता, आणि पचमढी ही मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी होती. अशा सफरीला हौस म्हणून हसणं सोपं आहे. पण जुन्या मोटारसायकलीत जपण्यासारखं जे आहे, ते तिच्या लोखंडापेक्षा ती चालवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या अकलेत जास्त आहे. ही अक्कल प्रदर्शनाच्या मांडवात लागत नाही, शहरातल्या रविवारच्या फेरीतही फारशी लागत नाही. ती घाटात लागते, म्हणून ती घाटातच टिकते, असं माझं म्हणणं आहे.

आपल्याकडच्या जुन्या गाड्या मुख्यतः तीन घराण्यांच्या. मद्रासला 1955 पासून बनू लागलेली बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या जावा आणि 1973 नंतरच्या येझदी, आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. राजदूत मूळची पोलंडच्या एसएचएल गाडीची भारतीय बहीण. 173 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गरजेपुरती ताकद, आणि काहीही सहन करण्याची तयारी. म्हणूनच ती दुधाचे कॅन लादून गावोगाव फिरली. ‘बॉबी’ चित्रपटामुळे तिच्या छोट्या भावंडाला शहरी मुलांत भाव आला, ती गोष्ट निराळी. बुलेटचं इंजिन फोर-स्ट्रोक, 346 सीसीचं. त्याचा सिलिंडर 70 मिलिमीटर रुंद, पण पिस्टनचा प्रवास 90 मिलिमीटर, आणि जोडीला जड फ्लायव्हील. त्यामुळे कमी फेऱ्यांवरही ते ओढत राहतं. घाटात ट्रकच्या मागे रांगताना बुलेटवाला निवांत का दिसतो, त्याचं उत्तर या मापांत आहे. जावा आणि राजदूतवाल्याला मात्र तिथे गिअर उतरवून इंजिन जरा वरच्या फेऱ्यांवर ठेवावं लागतं, आणि वाऱ्यावर थंड होणारा सिलिंडर कमी वेगात तापला तर मुकाट्याने सावली बघून थांबावं लागतं. उंचीचा परिणाम या वाटेवर थोडाच. पचमढीला हवेचा दाब भंडाऱ्यापेक्षा साधारण नऊ टक्क्यांनी कमी असतो. कार्बोरेटर पेट्रोल जवळजवळ तेवढंच सोडतो, हवा मात्र विरळ मिळते, म्हणून प्लग काळा पडू लागतो. लडाखच्या खिंडींत हवा निम्म्यावर येते तेव्हा जेट बदलण्याची वेळ येते. सातपुड्यात प्लग पुसून भागतं.

लोक चढाला घाबरतात, पण जुन्या गाडीची खरी कसोटी उतारावर लागते. जावा, राजदूत या टू-स्ट्रोक गाड्यांत पिस्टनला वंगण देणारा वेगळा पंप नसतो. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि पेट्रोलबरोबरच ते आत जातं. आता लांब उतार पाहा. चालक थ्रॉटल बंद करतो, गिअर मात्र टाकलेला असतो. चाक इंजिनाला जोरात फिरवतं, पण थ्रॉटल बंद असल्यामुळे पेट्रोल जेमतेम जातं आणि म्हणून ऑइलही जेमतेमच जातं. तापलेला पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. उतारावर अधूनमधून थ्रॉटलला हलकी पीळ द्यायची जुन्या लोकांची सवय ही ऐट नव्हती, ते पिस्टनला ऑइल पाजणं होतं. भरीला टू-स्ट्रोक इंजिन गाडीला फारसं रोखून धरत नाही, म्हणजे सगळा भार ब्रेकवर. गाडी, स्वार आणि सामान मिळून अडीचशे किलो धरले, तर आठशे मीटर उतरताना सुमारे वीस लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सहा लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. काही वाटा वारा आणि टायर उचलतात, वाट एकदम उतरत नाही हेही खरं, पण उरलेली उष्णता दोन छोट्या बंद ड्रममध्ये साठते. ड्रम तापून फुगला की ब्रेकचे शू पकडेनासे होतात आणि पेडल दाबूनही गाडी पळतच राहते. म्हणून ब्रेक धरून ठेवायचा नाही, जोराने दाबून सोडायचा, वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि मध्ये थांबून ड्रम निवू द्यायचा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणारे आजही दिसतात. त्यांच्याबद्दल काय बोलावं!

हे ज्ञान कागदावर उतरवता येतं, जसं मी आत्ता केलं, पण हातात उतरायला वाट लागते. इथे कायद्याकडे यावं लागतं. केंद्र सरकारने 2021 मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेलं, मूळ रूपात राखलेलं, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा बदल न केलेलं वाहन विंटेज ठरतं. त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढीच मुभा. नियमामागची भीती समजते, मोडकळीला आलेली गाडी वारसा म्हणून मिरवू नये. तरीही त्यातून जपलं जातं ते लोखंड. रॅलीची मुभा आहे, म्हणजे सफरीला दार उघडं आहे, आणि आमच्याकडच्या हौशी मंडळींनी ते वापरावं. इंग्लंडात 1930 पासून एप्सम ते ब्रायटन अशी पायोनियर रन निघते. 1915 पूर्वीच्या मोटारसायकली तिथे सार्वजनिक रस्त्यावरून समुद्रापर्यंत जातात. शंभर वर्षं उलटलेल्या गाड्या अजून चालतात, कारण दरवर्षी एक ठरलेला दिवस त्यांना चालावंच लागतं आणि त्या दिवसासाठी वर्षभर कुणाला तरी हात काळे करावे लागतात.

भंडाऱ्याने हे दुसऱ्या धातूत पाहिलं आहे. पितळेच्या भांड्यांसाठी हे शहर नावाजलेलं होतं. स्टील आणि ॲल्युमिनियम घरोघरी पोचल्यावर भांडी शोकेसमध्ये गेली. ती अजून चकाकतात, पण ठोकणारे हात कमी होत गेले, कारण रोज वापरणारं गिऱ्हाईक उरलं नाही. गावच्या गॅरेजातल्या मिस्त्रीचंही तेच होऊ घातलं आहे. पॉइंटमधलं अंतर अंदाजाने लावणारा, आवाजावरून टायमिंग ओळखणारा, कंपनीचा पार्ट मिळत नाही म्हणून खरादीकडून पिस्टन पिनचा बुश करून आणणारा माणूस नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर काय करणार? तिथे दोष संगणक सांगतो आणि अख्खा सुटा भाग बदलला जातो. नव्या जावा किंवा नव्या बुलेटवर बसून तीच मजा मिळते, असं म्हणणाऱ्यांना म्हणूनच माझा आक्षेप आहे. मजा मिळेल, त्या गाड्या जास्त सुरक्षितही आहेत. पण त्या मिस्त्रीला काही विचारत नाहीत.

प्रदूषणाचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो खोडून काढता येत नाही. साध्या टू-स्ट्रोक इंजिनात आत आलेल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा न जळताच धुराड्यातून निघून जातो. हीच गाडी रोज बाजारात फिरवायची असेल तर तिला विरोध करणाऱ्यांत मी पहिला असेन. वर्षातून एक सफर आणि तिच्या तयारीच्या काही फेऱ्या, एवढ्या धुराची किंमत मला मान्य वाटते, इतरांना वाटेलच असं नाही. सुरक्षेचा मुद्दा मात्र अटीने सुटतो. सहा व्होल्टच्या दिव्यावर रात्री चालायचंच नाही. या वाटेवर सिवनीच्या बाजूला पेंचचं जंगल आहे. तिथे अंधारात मंद दिव्याची गाडी नेणं हे जनावराच्या आणि स्वाराच्या, दोघांच्याही जिवावरचं. उरला श्रीमंती चोचल्याचा आरोप. राजदूत 350 किंवा आरएक्स 100 च्या किमती पाहता तो शहरात खरा आहे. पण भंडाऱ्यात जुनी गाडी बहुधा बापाने धान विकून घेतलेली असते, आणि ती नीट ठेवणारा तिचा मालक नसून मिस्त्री असतो. अशा सफरीत पहिली जागा त्याला द्यावी, मालकाने हवं तर मागे बसावं.

पुढचा अडथळा टाकीतच आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि सील फुगवतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज चढतो तो असाच. यावर उपाय आहेत. नळ्या आणि सील इथेनॉल सोसणारे बसवायचे, सफर संपली की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे, ऑइल आदल्या रात्री न मिसळता निघताना मिसळायचं. पण नियमातली ‘मूळ रूपात’ ही अट अशा छोट्या बदलांना कुठवर खपवून घेईल, हे परिवहन कार्यालयाने एकदा लेखी स्पष्ट करायला हवं. नाहीतर नळी बदलावी की क्रमांक सांभाळावा, या पेचात गाडी उभीच राहील आणि गंज आपलं काम करत राहील.