न आढळलेल्या शब्दाची संभाव्यता

पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्या उदाहरणाविषयी विधान करण्याचा अधिकार कोठून प्राप्त होतो, हा विगमनाचा मूळ प्रश्न होय. धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती शंभर ठिकाणी पडताळली तरी पुढील ठिकाणी ती ढळणार नाही, अशी तार्किक हमी मिळत नाही. चार्वाकांचा अनुमानावरील आक्षेप आणि १८व्या शतकातील डेव्हिड ह्यूमची शंका यांचा रोख हाच आहे.

संभाव्यताशास्त्र ही शंका दूर करीत नाही. ते विश्वासाला माप देते. एखादी घटना दहापैकी दहाही वेळा घडली, तर पुढील वेळी ती घडण्याची संभाव्यता लाप्लासच्या नियमानुसार ११/१२ येते. शंभरपैकी शंभर वेळा घडल्यास १०१/१०२. अनुभव वाढतो तसतसा विश्वास दृढ होतो. पूर्ण निश्चिती मात्र कधीच येत नाही.

या नियमात घटनेचे पर्याय दोनच, आणि ते आधीच ठाऊक असतात. शब्दसंग्रहाचे तसे नाही. जे शब्द अद्याप आढळलेच नाहीत, त्यांची यादी कोण करणार? दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक लिपी उकलताना ॲलन ट्युरिंगला या प्रश्नाचे उत्तर सुचले. त्याचे सहकारी आय. जे. गुड यांनी ते १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. संग्रहात एकदाच आलेल्या शब्दांच्या संख्येला एकूण शब्दप्रयोगांच्या संख्येने भागावे. पुढील शब्द नवा असण्याची संभाव्यता अदमासे तेवढी असते. समजा, १०,००० शब्दप्रयोगांत १,२०० शब्द एकदाच आले. तर ही संभाव्यता ०.१२ होय. यातील युक्ती सोपी आहे. संग्रहातून कोणताही एक प्रयोग बाजूला काढला, तर उरलेल्या संग्रहाच्या दृष्टीने तो शब्द नवा केव्हा ठरेल? तो एकदाच आला असेल तेव्हाच.

यावरून भाषेतील ८८ टक्के शब्द हाती आले, असे मात्र समजू नये. पुढे येणाऱ्या प्रयोगांपैकी सुमारे ८८ टक्के प्रयोग परिचित शब्दांचे असतील, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय पुढील शब्दही त्याच स्रोतातून, त्याच रीतीने यावा, हे येथे गृहीत आहे. पुण्यातील वृत्तपत्रांवरून काढलेला अंक मालवणी ओव्यांना लागू पडणार नाही. नमुना कोणत्या भाषाव्यवहाराचा प्रतिनिधी आहे, हे गणित सांगत नाही. ते अभ्यासकानेच ठरवावयाचे असते, आणि ह्यूमची शंका नेमकी तेथेच उभी असते.